न झालेल्या शर्यतीचं स्टिअरिंग

मी एक स्टिअरिंग बोलतोय. मला गाडी नाही. एक काळ होता, जुनी पांढरी फियाट होती आणि मी तिच्यात होतो. आता मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, पिठाच्या डब्यांशेजारी असतो. मी नीट ओळखतो अशी जागा एकच, पेडण्याची घाटी. पण ती मी इतक्या वेळा चढलो की तिचं प्रत्येक वळण माझ्या अंगात आहे.

बेळगावच्या एका भंगाराच्या दुकानातून मधुकरने मला उचललं. हा मधुकर घाटीच्या गावचाच, डिचोलीच्या खाणीवरून नदीवरच्या जेटीपर्यंत लोहखनिजाच्या मातीचे ट्रक चालवायचा. दिवसभर ट्रक आणि रविवारी फियाट, असा त्याचा संसार. फियाटीचं मूळचं मोठं, बारीक कड्याचं चाक काढून त्याने मला तिथे बसवलं. डिचोलीच्या चांभाराकडून माझ्यावर नवं कातडं शिवून घेतलं. बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की त्याला गाडीत बसवून म्हणायचा, धरून तर बघ.

घाटीवरची शर्यत दरवर्षी जानेवारीत व्हायची. एका वेळी एकच गाडी सुटायची. खालच्या पुलापासून वर सड्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारापर्यंत, कमीत कमी वेळात पोचेल तो जिंकला. रस्ता गावकरी स्वतः अडवायचे. वळणावळणावर गवताच्या पेंढ्या रचायचे. लोक सकाळीच चिऱ्यांच्या ढिगांवर जागा धरून बसत, मांडीवर उंडे, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी. कोल्हापूरच्या, बेळगावच्या, पणजीच्या गाड्या येत. सदाशिव नावाचा गावचा म्हातारा पुलावर झेंडा घेऊन उभा असे. त्याने झेंडा पाडला की बाकी सगळं गप्प, फक्त इंजिनाचा आवाज.

मधुकर कधी जिंकला नाही. एकदा जुन्या गाड्यांच्या गटात तिसरा आला, तेव्हा त्याने गावभर पेढे वाटले. पुढे पाठीने दगा दिला आणि मी त्याच्या मुलाच्या, सुदेशच्या हातात गेलो.

सुदेश मला करकचून धरायचा. त्याची धाकटी बहीण गंगा वेगळी. तिचे हात हलके होते, पण वळणावर मी कुठे जायचं हे माझ्याआधी त्यांना कळायचं. शर्यतीआधी सराव तीच करायची. कुठल्या वळणावर ब्रेक आधी मारायचा, कुठे पाणी झिरपून रस्ता निसरडा झालाय, सगळं ती सुदेशला सांगायची आणि शर्यतीच्या दिवशी तो चालवायचा. दोनदा जिंकलासुद्धा. फोटोत तो आणि चषक. ती टायर बदलत होती.

मी कधी चालवू, असं ती विचारायची तेव्हा तो म्हणायचा, पुढच्या वर्षी तू. मधुकर अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने मुलाला जवळ बोलावलं. त्या दिवशी गंगाने गाडी दाराला लावून सगळी दारं उघडी टाकली होती, म्हणून मला ऐकू आलं. "सुदेश, एकदा तरी गंगेक चालवूक दी," मधुकर म्हणाला. सुदेशने हो म्हटलं.

मधुकर गेला आणि त्यानंतर काही वर्षं शर्यत झाली नाही. खाणी बंद पडल्या तसे बक्षिसं देणारे आटले. मग मोपाचा विमानतळ आला, रस्ता वाहता झाला. गावात वाटायचं, बसेल पुन्हा घडी. सुदेशने स्वतःचे ट्रक घेतले, शर्यतीच्या समितीचा चिटणीस झाला आणि गेल्या गणेश चवथीनंतर एक दिवस गंगाला म्हणाला, औंदा शर्यत आहे, औंदा तू चालव.

गंगा शाळेची व्हॅन चालवते. पोरं सोडून आली की संध्याकाळ फियाटीखाली. इंजिन तिने पार उघडलं, पुन्हा बांधलं. पहाटे रस्ता मोकळा असताना आम्ही घाटी चढायचो. सुदेश वर सड्यावर चहा घेऊन थांबायचा, वेळ बघायचा, म्हणायचा की बाबा असते तर वेडे झाले असते. मग तो स्वतःही एक फेरी मारायचा. मला वाटायचं, हातावरून माणूस ओळखता येतो. सुदेशचे हात इतकी वर्षं माझ्यावर होते आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

डिसेंबरात देवळाच्या मंडपात गावची बैठक झाली. गंगाने गाडी धुऊन, हार घालून मंडपाबाहेर आणली होती. तारीख ठरली की नारळ फोडायचा होता. गाडीची काच खाली होती, म्हणून मंडपातलं मला ऐकू आलं. लोकांनी तारीख विचारली तेव्हा सुदेश उठला. तो म्हणाला, शर्यत आता कायमची बंद. विमानतळाच्या रस्त्यासाठी घाटी कापून सरळ करणार आहेत, समितीने संमती दिली आहे. कुणीतरी ओरडून विचारलं, तुझे ट्रक त्या कामावर लागलेत ते खरं का? तो खाली बसला.

मग तो बाहेर येऊन गाडीत गंगाच्या शेजारी बसला. तिचे दोन्ही हात माझ्यावर होते.

"दादा, तुका कधीपासून म्हायत होतां?"

"चवथीपासून."

"मग माका ह्या सगळा कित्याक करूक लावलंस?"

 पुढच्या काचेतून बघत तो सांगू लागला. देवेश म्हणून एकजण किनाऱ्यावर हॉटेल काढतोय, त्याला दर्शनी भागात ठेवायला शर्यतीची गाडी हवी आहे, पण चालू हालतीत. "तुझ्यासारखी ही गाडी दुसऱ्या कोणाक तयार करूक जमाची नाय," तो म्हणाला. त्याला ते कौतुकच वाटत असावं.

गंगाचे हात माझ्यावरून खाली गेले.  

दुसऱ्या दिवशी म्हातारा सदाशिव घरी आला. म्हणाला, गाव रस्ता अडवायला तयार आहे, झेंडा मी धरतो, तू एकदा चढून ये. गंगा गाडीचं बॉनेट पुसत होती.

"एकटीच चढलंय तर ती शर्यत कशी, मामा? हरवतलंय कोणाक?"

म्हातारा बॉनेटवर एकदा हात ठेवून निघून गेला.

देवेशची माणसं भर दुपारी गाडी न्यायला आली. गंगाने पान्याने मधला नट सोडवला आणि सगळ्यांच्या देखत मला उपसून घेतलं. सुदेश म्हणाला, गाडी सगळ्या सामानासकट ठरली आहे. ती म्हणाली, "गाडी तुझ्या नावार आसा. ह्या बाबांचा." त्यांनी दुसरं कसलंतरी चाक लावून फियाट नेली.

आता सड्याकडून दिवसभर खडक फोडायचा आवाज येतो. दुसरं वळण गेलं असं परवा कुणी सांगत होतं. गंगा रोज व्हॅन घेऊन त्याच रस्त्याने जाते, ट्रकांच्या मागे मागे. त्यातले काही तिच्या भावाचे असतात.

गेल्या महिन्यात सुदेश घरी आला. म्हणाला, हॉटेलात येणारे विचारतात की शर्यतीचं स्टिअरिंग कुठे आहे; देवेश सारखा फोन करतो. बोलता बोलता त्याने मला फळीवरून उचललं. तीच करकचून पकड.

गंगा भाकरी थापत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"थंय ठेव."

माझं मागणं एवढंच आहे. तुम्ही कधी त्या हॉटेलात गेलात, पांढऱ्या फियाटीत बसून फोटो काढलात, तर हातात आलेल्या चाकाला माझं नाव देऊ नका. मी इथे आहे. त्या दिवशी सुदेशने मला परत डब्यांशेजारी ठेवलं आणि तो चहा न घेता गेला.