खिळ्याची दोन भोकं

“हे शेवटचं छिद्र. याच्या पुढं नवं छिद्र पाडू नोको, बापू. पट्टा नाई पुरला तं पट्ट्याले दोष देऊ नोको. पोटाले विचारजो.”

मित्रांनो, जन्माला आल्याबरोबर मी ऐकलेलं हे पहिलं बोलणं. मी एक जुना कमरपट्टा आहे. चामोर्शीच्या आठवडी बाजारात चिंचेच्या सावलीत बसणाऱ्या नानाजींनी मला शिवलं. म्हशीचं जाड चामडं, दुहेरी शिलाई, पितळेचं बक्कल आणि वरून जवसाच्या तेलाचा हात. आरीने त्यांनी माझ्या अंगात पाच छिद्रं पाडली, एकेकावर फुंकर घातली आणि ते शब्द बोलून मला हेमराजच्या हाती दिलं.

हेमराज वडशाचा. तिथल्या एका राइस मिलमध्ये तांदळाचे कट्टे, म्हणजे पोती, उचलायचा आणि काम संपलं की मिलमागच्या टिनाच्या शेडात व्यायाम करायचा. वजन उचलताना पाठीला आधार हवा म्हणून त्याने मला घेतलं होतं. तेव्हा त्याची कमर इतकी बारीक होती की बक्कल दुसऱ्याच छिद्रात बसायचं. बाकीची छिद्रं आपली रिकामी! मला वाटायचं, नानाजींनी ती उगाच पाडली.

आमच्या झाडीपट्टीत हिवाळा म्हणजे मंडईच्या जत्रांचा आणि नाटकांचा. गावोगावी मंडप पडतात. नाटकाचा पडदा वर जाण्याआधी त्याच मंचावर पयलवान पोरांची शरीरसौष्ठव स्पर्धा व्हायची. हेमराज अंगाला तेल लावून उभा राहिला की पुढे बसलेल्या बाया पदराआड हसायच्या आणि पोरं शिट्ट्या मारायची. जिंकल्यावर तो मला दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचा. दसऱ्याला त्याची आई देवकाबाई विळ्या-कोयत्यांबरोबर मलाही पाटावर मांडून गंध लावायची. “हा बी हत्यारच आहे माह्या लेकाचं,” म्हणायची. ते कौतुक आठवलं की अजूनही माझं चामडं मऊ होतं.

देवकाबाई मोठी व्रताची बाई. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, काही चुकायचं नाही. दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायची नाही. पण तिच्या उपासाची एक गंमत होती. ती स्वतः उपाशी राहायची आणि आपल्या वाटणीचं सगळं लेकाच्या ताटात वाढायची.

आणि हे वाढणं सगळ्यांत जास्त पावसाळ्यात व्हायचं. पावसाळ्यात शेड गळायचं, स्पर्धा नसायच्या. शेडातला कुलदीप, जो सगळ्यांचा उस्ताद म्हणवून घ्यायचा, सांगायचा, “पावसाळ्यात कोठी भर बे, हिवाळ्यात रिकामी कर. बरसाती खुराक नाई खाल्ला तं हिवाळ्यात दाखवशील काय, बरगड्या?” मग सुरू व्हायचा तो खुराक. भाताचा डोंगर, त्यावर तुपाची धार. पाठोपाठ केळी, गुळाचं दूध. अंडी मात्र देवकाबाई अंगणातल्या वेगळ्या चुलीवर उकडून द्यायची.

मोहल्ल्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. जिंकलेल्या पयलवानाला पावसाळाभर घरोघरून ताट यायचं. आज यांची पाळी, उद्या त्यांची. त्याला म्हणायचे पाळीचं ताट. कोणी खीर पाठवायचं, कोणी तांदळाचे वडे. आणि देवकाबाईचा नेम असा की दारी आलेलं अन्न परत धाडायचं नाही. सगळं हेमराजच्या पोटात जायचं. प्रेमानेच जायचं, मित्रांनो. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं.

हिवाळा आला की हेमराज जेवण कमी करायचा, घाम गाळायचा, पुन्हा आवळला जायचा. पण एक गोष्ट फक्त मला कळत होती. दरवर्षी तो परतताना आदल्या वर्षीच्या छिद्राच्या अलीकडेच थांबत होता. लोक त्याचे दंड बघायचे, छाती बघायचे. मला दंडाचं काय ठाऊक? मी तर नुसता कमरेचा सोबती. दुसऱ्या छिद्रावरून तिसऱ्यावर, चौथ्यावर करत आम्ही शेवटच्या छिद्रावर आलो. आणि एका पावसाळ्यात तेही पुरेना.

हेमराजने चुलीत खिळा तापवला.

देवकाबाई म्हणाली, “काय करून राह्यला रे? तो चामोर्शीचा माणूस काय म्हणला होता तुले?”

“आई, हे पोट नाई, पावर आहे पावर,” हेमराज हसला आणि तापलेला खिळा माझ्या अंगात घातला. घरभर जळक्या चामड्याचा वास सुटला. पुढच्या पावसाळ्यात दुसरा खिळा. नानाजींची छिद्रं कशी गोल, देखणी होती! ही दोन भोकं वेडीवाकडी, काठाला काळी.

त्याच्या पुढच्या वर्षी मी दोन्ही बाजूंनी ओढूनही पुरलो नाही. नागपूरहून एक नवा पट्टा आला. कापडाचा, चरचर आवाज करत चिकटणारा. त्याला छिद्रंच नव्हती, त्यामुळे त्याला काही सांगताही येत नव्हतं. मी खुंटीवर गेलो. ओल धरली, बुरशी चढली, बक्कल हिरवं पडलं. घरात माझं नावही कोणी काढेना. फक्त देवकाबाई देवाजवळच्या दिव्यातलं उरलेलं तेल फडक्याला लावून अधूनमधून मला पुसायची. तेवढ्यावर मी तग धरला.

सन दोन हजार एकच्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. हेमराज तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लागला. कट्टा उचलताना धाप लागायची. जेवून उठला की डोळे मिटायचे. एका सकाळी देवकाबाई अंगणातल्या न्हाणीशी गेली आणि तिथेच थबकली. मोरीच्या काठाला, जिथे हेमराज लघवीला जायचा, तिथे मुंग्यांची रांग लागली होती.

ती बराच वेळ त्या रांगेकडे बघत राहिली. हेमराजचे वडील इस्तारी यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी मुंग्या, मग पायाला जखम, मग पाय गेला आणि पाठोपाठ माणूस. शेवटच्या दिवसांत त्यांना उचलून उन्हात बसवायचं काम हेमराजच करायचा.

देवकाबाई घरात आली. मला खुंटीवरून काढून तिने हेमराजच्या पुढ्यात ठेवलं.

“लाव.”

“काऊन? नवा आहे ना माह्याकडं.”

“लाव म्हणतो ना मी!”

त्याने ओढलं, श्वास कोंडला, पुन्हा ओढलं. बक्कल आणि भोक यांच्यात चार बोटं राहिली.

“मोरीत मुंग्या लागल्या रे, बापू.”

हेमराजचा चेहरा उतरला, पण हेका सुटेना. “मले शुगर कुठून होईल? मी पयलवान माणूस. चहात साखर सुद्धा घेत नाई मी. शुगर तं गादीवर बसून खाणाऱ्यायले होते.”

“तुहा बाप गादीवर बसत होता? नांगर धरत होता तो.”

दुसऱ्या दिवशी दोघं लाल बसने गडचिरोलीला निघाली. देवकाबाईने मलाही पिशवीत घातलं.

दवाखान्यात रक्त तपासलं. साखर चांगलीच वाढलेली निघाली. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण बोलणं समजुतीचं होतं. त्यांनी फितीने हेमराजची कमर मोजली. तेवढ्यात देवकाबाईने मला टेबलावर ठेवलं, तशी त्यांनी माझ्या भोकांवरून बोट फिरवलं.

“हे बघा, तुमची मेहनत खरी आहे. स्नायू साखर वापरतात, त्यामुळे व्यायाम सोडायचा नाही. पण तुम्ही मेहनत करता एका माणसाची आणि खाता तिघांचं. उरलेलं जातं कुठे? इथे.” त्यांनी पोटाकडे बोट दाखवलं. “आतड्यांभोवती चरबी साचली की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि साखर रक्तातच साचते. दंड मोठे आहेत म्हणून पोट माफ होत नाही. त्यात वडिलांनाही हा आजार होता. आणि साखर फक्त चहात नसते हो, भाताच्या डोंगरातही असते.”

“मंग माहा पाय…?” हेमराजने एवढंच विचारलं.

“वेळेवर आलात. गोळी घ्या, ताट बदला, रोज चाला, आणि तपासायला येत राहा. पाय तुमच्याच हातात आहे.”

घरी आल्यावर देवकाबाई देवापुढे बसली. “बापू, आतापर्यंत मी तुले पुण्य वाढून राह्यली होती का रोग, मले समजलंच नाई,” ती हळूच म्हणाली. हेमराज तिच्याजवळ बसला. त्याने मला दिव्यासमोर ठेवलं.

“आई, यात आता तिसरं भोक पडणार नाई. अन् पावसाळ्यात बी चालणं सुटणार नाई. दिव्यासमोर सांगतो.”

त्या दिवसापासून घरात आधी भाजी, मग डाळ, मग वाटीने मोजून भात. तलावातल्या मासोळीचा रस्सा चालायचा, केळ्यांचा घड नाही. नैवेद्य दाखवला की चिमूटभर हेमराजला, बाकी शेजारच्या लेकरांना. त्या हिवाळ्यात तो मंचावर गेला नाही. घाईने अंग आवळायला डॉक्टर बाईंनी मनाई केली होती. कुलदीप शेडात सगळ्यांसमोर म्हणाला, “पाहा बे, आमचा पयलवान आता डाळीचं पाणी पिऊन राह्यला! उद्या नाटकात नर्सचा पार्ट घेईल!”

“घेईन ना,” हेमराज म्हणाला. “तुह्या पोटाकडं पाहून म्हणतो, पहिला पेशंट तूच येशील.” शेड हसून हसून दणाणलं. कुलदीपने मात्र बनियन खाली ओढली.

उन्हाळा सरता सरता मी पुन्हा कमरेवर आलो. आधी खिळ्याच्या बाहेरच्या भोकात, मग आतल्या आणि एक दिवस नानाजींच्या शेवटच्या छिद्रात. बक्कल आत शिरलं तेव्हा हेमराज डोळे मिटून उभा राहिला. गडचिरोलीच्या तपासणीतही साखर उतरलेली निघाली. “आजार पळाला नाही, बसलाय. त्याला उठवू नका,” डॉक्टर बाई म्हणाल्या.

पण खरी परीक्षा पुढेच होती. पाऊस धरला, शेड गळू लागलं आणि पाळीचं ताट दारात आलं. शेजारची कमला खीर घेऊन उभी होती. “काकू, यंदा पयली पाळी आमची!”

देवकाबाई उंबऱ्यात उभी. आयुष्यात तिने दारचं अन्न फिरवलं नव्हतं. तिचा हात ताटाकडे गेला आणि मध्येच थांबला. खुंटीवरून मला दिसत होतं, तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल.

“कमले, अन्नाले माहा नमस्कार,” ती शेवटी म्हणाली. “पण हे ताट आज तुह्या लेकरायले दे. पाळी बंद नोको करू. बदलव. ताट नोको पाठवू, माणूस पाठव. रोज सकाळी माहा लेक नदीपर्यंत चालायले जाते. ज्याच्या घरची पाळी, त्यानं त्याच्यासंगं चालावं.”

कमला आधी गोंधळली, मग हसली. मोहल्ल्यात बोलणं झालं. कोणी थट्टा केली, कोणी माना डोलावल्या. पहिली पाळी कोणी घ्यावी? कुलदीपने! “आपलं बी पोट पाह्यतो मी जरा,” तो म्हणाला.

मित्रांनो, मी साधा पट्टा. तुम्हाला उपदेश करायला मी कोण? पण एवढं ऐका. ज्याच्यावर माया आहे त्याचं ताट भरताना त्याच्या कमरेकडेही बघा. आणि तुमचा पट्टा पुरेनासा झाला, तर खिळा तापवण्याआधी पोटाला विचारा.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिमझिम लागली होती. हेमराज ओसरीत कुलदीपची वाट बघत उभा राहिला. गल्ली रिकामी. कुलदीप काही आला नाही. पत्र्यावर पाणी तडतडत होतं आणि आत अंथरूण अजून ऊबदार होतं.

हेमराजने मला कमरेला घेतलं. नानाजींच्या शेवटच्या छिद्रात बक्कल अडकवलं. खिळ्याची दोन्ही भोकं रिकामीच राहिली. आत दिव्याची वात नुकतीच लागली होती. आईला हाक न मारता त्याने पोत्याची खोळ डोक्यावर घेतली, दार हळूच ओढून घेतलं आणि नदीच्या वाटेला लागला.