गाजराचं सूप

आई गेली त्या दिवशी वॉर्डातली आधीची आया येऊन ढसाढसा रडत होती, आणि माझं डोकंच फिरलं. सख्खी लेक मी, माझे डोळे कोरडे, आणि हिला कसला एवढा उमाळा?

पंधरा दिवसांपूर्वी या आयाला मीच दुसऱ्या वॉर्डात हलवायला लावलं होतं. कामं सोडून आईच्या उशाशी गप्पा हाणत बसते, अशी मोठ्या सिस्टरकडे तक्रार केली होती. तेव्हापासून आई गप्पगप्प असायची. मला ते सोयीचंच होतं. ऑफिस सुटलं की मी गाजराचं सूप घेऊन जायचे, आईला चमच्याने पाजायचे आणि तासभर साहेबाच्या नावाने बोटं मोडायचे. आई मान हलवायची.

"एवढ्या कसल्या गप्पा चालायच्या गं तुमच्या?" मी आयाला तोऱ्यात विचारलं.

तिने बाहीने नाक पुसलं. "गप्पा कसल्या, ताई! तुम्ही गेलात की त्यांना सूप उलटायचं. मी पुसायचे. त्या लहानपणचं काहीबाही सांगायच्या, मी ऐकायचे."

"मग सूप नको म्हणून आई मला का नाही बोलली?"

"मी म्हटलं होतं, लेकीला सांगा. तर म्हणाल्या, ती दिवसभर पिचून येते. तिचं ऐकून घेणारं माझ्याशिवाय आहे कोण?"

मी स्टूल पुढे ओढलं.

"बस ना जरा माझ्यापाशी."

ती दाराकडे सरकली.

"नको, ताई. तक्रार होते."