गुरूचं गाऱ्हाणं

माझा धाकटा भाऊ गुरुप्रसाद मंत्री झाला तेव्हा गावाने पेढे वाटले, आणि बंदरावरची नवी जेटी कोसळली तेव्हा त्याच गावाने माझ्याशी बोलणं टाकलं. घ्या! मी काय सिमेंट कालवायला गेले होते? तीस वर्षं यांच्या पोरांना शाळेत शिकवलं मी! पण खरं सांगते, माझीच मान वर होत नव्हती. जेटीबरोबर गावातल्या रहमतुल्लाची मासेमारीची होडी गेली आणि त्याचा उजवा पायही गेला.

जेटीचं काम न बघताच मंत्र्यांनी ते पुरं झाल्याची सही केली, असं टीव्हीवर रोज चाललेलं. शनिवारी गुरू घरी आला, मागोमाग कॅमेरेवाले. चुलीपाशी बसला, पण पेजेला हात लावेना.

"गो ताई, मुख्यमंत्र्यांनी सांजेपर्यंत राजीनामो मागलेलो आसा. गाव माझ्यावांगडा आसा, एवढां टीव्हीर दिसलां तर मी वाचान."

गाव आपल्याबरोबर आहे हे दिसावं, म्हणून त्याला देवळात गाऱ्हाणं हवं होतं. गावकर, म्हणजे देवळाचा मानकरी, देवाला मोठ्याने सांगणार आणि दर वाक्याला सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणणार. गाव गप्प राहिला तर गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, असं आम्ही मानतो.

"आणि सही?" मी विचारलं.

"चाळीस फाइली होत्यो, ताई. कोण वाचता?"

मेल्या, म्हणून ओरडणारच होते. पण त्याचा चेहरा उतरलेला होता. पेज परत गरम करून दिली.

देवळात धोंडू गावकराने हात जोडले. "बा रवळनाथा महाराजा! तुझी लेकरां आज एका जाग्यार जमली आसत!"

"व्हय महाराजा!"

"गुरुप्रसादाचेर जो खोटो आळ इलो आसा..."

कुणी बोलेना. धोंडूने पुन्हा म्हटलं. पटांगणाच्या कडेला रहमतुल्ला कुबड्यांवर उभा होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी सख्खी बहीण ना! मी तोंड उघडलं, पण माझी नजर रहमतुल्लाच्या कुबड्यांवरून हलेना. गुरू माझ्याकडे बघतच राहिला.

मग त्याने धोंडूला हलकेच बाजूला केलं.

"बा महाराजा, सही माझीच. जेटी बघूक मी एकदाय गेलो नाय. रहमतुल्लाचो पाय माझ्यामुळे गेलो."

कॅमेरे जवळ सरकले. आता होकार दिला की भावाचं मंत्रिपद गेलं, हे मला कळत होतं. गुरू हात जोडून वाट बघत होता.

"व्हय महाराजा!" मी रडत ओरडले, आणि माझ्यामागून सगळा गाव.