ताल्लिनच्या धक्क्याला टेकणारी शिडी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. भिंतीला लावायची नव्हे, मित्रांनो, जहाजावरून धक्क्यावर उतरायची. हेलसिंकीहून ताल्लिनला जाणारं जहाज बंदराला लागलं, की सगळ्यांत आधी मी खाली टेकायची. कप्तानसुद्धा माझ्यानंतर.

मला उर्हो नावाच्या सुताराने घडवलं. आडव्या पट्ट्या ठोकताना तो म्हणाला होता, "दारू प्यालेला खलाशी घसरला नाही, तर म्हातारी माणसंही घसरणार नाहीत."

दुसऱ्या महायुद्धानंतर ताल्लिन परक्या सत्तेखाली गेलं आणि कितीतरी वर्षं ही वाट बंद होती. ती पुन्हा सुरू झाली, त्या पहिल्याच उन्हाळ्यात हिल्या आली. एकवीस वर्षांपूर्वी, युद्धातच, ती ताल्लिनकडून कोळ्याच्या होडीतून हेलसिंकीकडे पळून गेली होती. आई आणि थोरली बहीण लेइडा मागे राहिल्या होत्या. आता हिल्या माझ्या मधोमध येऊन थांबली.

मागचा प्रवासी कुरकुरला, "बाई, खाली तरी जा, नाहीतर वर तरी."

धक्क्यावर दोरीपलीकडे लेइडा उभी होती. तिने हाक मारली, "समुद्र ओलांडलास, आणि शेवटच्या दहा पावलांना दमलीस होय?"

"ताई, आई गेली तेव्हा मी नव्हते. कोणत्या तोंडाने उतरू?"

"आहे त्याच तोंडाने. दुसरं आणलंयस का? कारखान्यातून एकाच दिवसाची रजा मिळालीय मला. रडायचं तर खाली येऊन रड."

तेवढ्यात शेजारून एक बोट गेली आणि लाटेने जहाज हललं. हिल्याने माझा कठडा गच्च धरला. मीही धक्क्यावर पाय रोवले आणि तसूभरही सरकले नाही. ती उतरली. दोघी बहिणी दोरीवरूनच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हजारो पावलं मी पेलली असतील, पण त्या दहा पावलांचा मला आजही अभिमान वाटतो.

संध्याकाळी हिल्या परतली तेव्हा तिच्या हातात धुरी देऊन टिकवलेल्या मासळीची पुडी होती. लेइडा खालून सांगत होती, "सरकारी माणसं शहराबाहेर तुला सोडत नाहीत, म्हणून गावाकडची मासळी आणली. आईच्याच भट्टीतली आहे. जहाजावर कोणाला वाटत बसू नकोस."

हिल्या दर उन्हाळ्यात येत राहिली. पुढे ताल्लिनच्या लोकांनाही सीमा खुल्या झाल्या आणि एका सकाळी लेइडा स्वतः माझ्यावर चढली. केस पांढरे, हातात काठी. हिल्या हात द्यायला पुढे झाली, तर म्हणाली, "सोड. इतकी वर्षं खालून बघितलीय ही शिडी. चढते माझी मी."

आणि ती चढली. एकदाही न थांबता.

आता प्रवासी काचेच्या बंद वाटेने जहाजात जातात. मी गोदामामागे पडून आहे. मित्रांनो, माझं लाकूड अजून शाबूत आहे. जुनं झालं म्हणून मला शेकोटीत घालू नका. वर्षातून एकदा जवसाचं तेल लावा आणि पावसापासून झाका. जगात कुठेतरी कोणीतरी अजून उतरायचं राहिलं असेल.