सिट देअर, प्लीज

केबिन रोडवर एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचा इंग्लिश स्पीकिंगचा क्लास आहे. मी तिथे शिकवते, आणि हल्ली मला तिथल्या माणसांची शिसारी येते.

त्या मंगळवारी हिअर, देअर, निअर, अवे असले लांब-जवळ सांगणारे शब्द घ्यायचे होते. फळ्यावर अर्थ लिहून देणं मला पटत नाही. माणसं उठवली, हलवली की शब्द डोक्यात बसतात. म्हणून मी मधोमध एक खुर्ची ठेवली आणि रीमाला तिच्यावर बसवलं. बाकीच्यांनी एकेक वाक्य बोलायचं, रीमाने ते समजून खुर्ची हलवायची.

रीमा मोरव्याच्या कोळीवाड्यातली. तिची सासू जिजाबाई मासळी विकते. हिला मात्र मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात नोकरी हवी होती आणि शनिवारी इंटरव्ह्यू होता. 'ट्रायल रूम इज ओव्हर देअर', 'द लिफ्ट इज निअरबाय' एवढं गिऱ्हाइकाला न अडखळता सांगता आलं पाहिजे, असं दुकानवाल्यांनी तिला बजावलं होतं. पोरगी जीव तोडून शिकत होती. वाक्य चुकलं की स्वतःच्याच मांडीवर चापट मारायची.

पहिली सलोनी उठली. "सिट हिअर." रीमा खुर्ची घेऊन पुढे आली. मग निशिगंधाताई. या दादरहून बेव्हर्ली पार्कात राहायला आलेल्या, मुलाच्या शाळेत मीटिंगला इंग्लिश बोलता यावं म्हणून क्लासला येतात. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"सिट देअर, प्लीज."

रीमा मागे गेली.

"नो, नो. गो फार अवे."

कुणीतरी फिसकन हसलं, आणि पुढच्यांना वाट मिळाली. "डोन्ट सिट निअर द एसी." "गो देअर, निअर द डोअर." एकाही वाक्यात चूक नव्हती. इतके दिवस मी घसा फोडूनही ज्यांच्या तोंडून धड शब्द निघत नव्हता, त्यांना आज कंठ फुटला होता. रीमा दर वाक्याला खुर्ची उचलायची आणि बरोबर समजलं ना, म्हणून माझ्याकडे बघून हसायची. दारातल्या चपलांच्या रॅकला खुर्ची टेकली तेव्हा तिला काय चाललंय ते कळलं. हसू गेलं.

हीच निशिगंधा रविवारी जिजाबाईसमोर उकिडवी बसून पापलेटाचे कल्ले उचकटून बघते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. घरी जाऊन बोटं चाटून खात असेल, आणि इथे रुमाल!

"बास!" मी ओरडले. "लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"अहो मॅडम, प्रॅक्टिसच तर करतोय आम्ही," निशिगंधाताई म्हणाल्या. रुमाल तिथेच.

आरडाओरडा ऐकून क्लासचे मालक ईश्वरभाई आत आले. सगळ्यांची तोंडं बघून त्यांना काय ते समजलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, सबका सोचना पड़ता है ना. उसको उधर ही बैठने दो. सुनाई तो देता है उधर से."

"मग मलाही तिथून बोलता येतं," मी म्हटलं. माझी खुर्ची उचलली, तरातरा दारापाशी गेले आणि ती रीमाच्या शेजारी आदळली. बसा म्हटलं आता माना वळवून.

रीमाच्या अंगाला साबणाचा आणि पावडरीचा वास येत होता. दुसरा कसलाही नाही.

"मॅडम, मी मासलीला हात पन लावत न्हाय आता," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दोनदा आंघोल करून येते. तरी येतो का वो वास?"

"नाही गं. अजिबात नाही."

तिने मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. पाय रेटून तिने खुर्ची माझ्यापासून वीतभर लांब सरकवली. या वेळी तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मॅडम," तिने विचारलं, "त्या दुकानात गिऱ्हाइकाच्या किती जवल उभं ऱ्हावं लागतं?"