गडावर पाणी कुठंय

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं.

मुकुंदकाका, माझ्या मित्राचे, अमोघचे बाबा. रिफायनरीतून रिटायर झालेले. काकू नाहीत. अठरा दिवस इथे बडोद्यात, गोत्रीच्या हॉस्पिटलात होते. मी रोज दुपारी जायचो. अमोघ एडिंबराला. त्याचा व्हिसाचा अर्ज अडकलेला. निकालाआधी देश सोडला की अर्ज रद्द, दोन वर्षं वाया.

मंगळवारी काका म्हणाले, "त्याच्या गावात किल्ला आहे ना? दाखव म्हणावं."

बुधवारी अमोघ तिकडे सकाळीच पोचला, आपल्याकडे दुपार. मी फोन काकांसमोर धरला. काळा खडक, तोफा, छत्र्या घेतलेले टुरिस्ट.

"शुं बाबा, मस्त ने?"

"तोफा राहू दे रे. पाणी कुठंय?"

काकांचं हे नेहमीचं. पावागडलाही आम्हाला देवीच्या आधी पाण्याची टाकी शोधायला लावायचे.

अमोघ धापा टाकत शोधत राहिला. शेवटी विहीर सापडली. वर जाळी. त्यानं बोर्ड वाचला. "वेढ्यात बुरूज कोसळला, विहीर बुजली. मग गड पडला."

"पडणारच." काकांना खोकला आला. "बरं, येतोस कधी?"

स्क्रीनवर नुसती जाळीच दिसत होती.

"शुक्रवारी, बाबा. तिकीट झालंय."

झालं नव्हतं. मला माहीत होतं.

फोन ठेवल्यावर काकांनी विचारलं, "देवेंद्र, झालंय ना रे नक्की?"

"हो काका. मी पाहिलंय."

हे 'पाहिलंय' म्हणायला मला अमोघनं सांगितलं नव्हतं. ते खोटं माझंच.

गुरुवारी सकाळी त्यांनी वॉर्डबॉयकडून दाढी करून घेतली. उद्या मुलगा येतोय म्हणाले. दुपारी गेले. मी पोचलो तेव्हा गाल अजून गुळगुळीत होते.

अग्नी मी दिला. अमोघनं फोनवर पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"देव्या, त्यांना कळलं होतं का, मी येत नाही ते?"

"नाही. वाट बघत होते."

मग म्हणाला, "अस्थी?"

"भटजी म्हणतात दहा दिवसांत चांदोदला, नर्मदेत."

"मला महिने लागतील यार."

"लागू देत. माझी आई घरात ठेवू देणार नाही, पण स्मशानात अस्थी ठेवायला कपाटं आहेत. तिथे ठेवतो, दर रविवारी जाऊन बघीन. आणि हे काकांना तिकिटाचं सांगितलं तसलं नाही, अम्या. तू आल्याशिवाय मी चांदोदला जाणार नाही."