व्यंकटरावांची पहिली रजा

मी हजेरीपट बोलतोय. लोक मला मस्टर म्हणतात. औरंगपुऱ्यातल्या छापखान्यात माझ्यावर रेघा ओढल्या गेल्या आणि अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत मी एका कचेरीत, शिपाई कडूबांच्या टेबलावर दाखल झालो.

कुणी धापा टाकत सही करायचं, कुणी साडेदहाला येऊन बिनदिक्कत दहा लिहायचं. मी मुकाट सोसायचो.

हेडक्लार्क व्यंकटरावांची ओळ मात्र बघण्यासारखी! वळणदार सही, एकही घर रिकामं नाही. "अठरा वर्षांत एक दांडी नाही," ते सांगायचे. तापात, पडशातही यायचे. मागून निम्मी कचेरी आडवी व्हायची. तरी मला त्यांचं कौतुकच.

जुलैतल्या एका सोमवारी ते आले, तेव्हा चेहरा लालबुंद होता.

"राव, कपाळावर काय उठलंय हे?" कडूबांनी विचारलं.

"घामोळं. पेन द्या."

"नातवाला कांजिण्या आल्या होत्या ना, पंधरा दिवसांमागं?"

"मला या वयात काय होतंय?"

कडूबांनी मला मिटलं आणि वर दोन्ही हात ठेवले. "नाय देत. टायपिस्ट अनसूयाबाईंना सातवा महिना हाय. त्यांना लहानपणी कांजिण्या आल्याच नायत."

व्यंकटरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. अनसूयाबाई छत्री मिटत फाटकातून येत होत्या.

"माझी अठरा वर्षं, कडूबा..."

कडूबांचे हात माझ्यावरून हलले नाहीत.

"रजा टाका," म्हणत व्यंकटराव मागच्या दारानं निघाले, बाईंच्या वाटेतही न येता.

लाल शाईची ती पहिली 'रजा' मला फार झोंबली.

तीन आठवड्यांनी ते परतले. रजेच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा माझ्याशेजारी ठेवून म्हणाले, "ताप असेल त्यानं हा भरावा नि घरी पडावं. साहेबांशी मी बोललोय." त्या पावसाळ्यात एकेकटे आजारी पडले, पण कचेरी काही ओस पडली नाही.

डिसेंबरात अनसूयाबाई गुटगुटीत लेक दाखवायला आल्या. व्यंकटरावांना सर्दी होती. नाकाला रुमाल बांधून ते खिडकीबाहेरूनच टाळ्या वाजवत राहिले. पोरगी खिदळली आणि तिनं माझं पान चुरगाळलं. वर्षभरात इतकं छान कुणी हाताळलं नव्हतं.

आता मी दप्तरखान्यात आहे, पिवळा पडलोय. तुम्हाला आज कणकण वाटत असेल, तर निवांत पडून राहा. सही बरं वाटल्यावर करा.